कॉन्ट्रॅक्ट की पर्मनंट? आधी रिकामे दिवस मोजा, मग आकडा बघा

एक पर्मनंटची ऑफर आणि एक कॉन्ट्रॅक्टची, दोन्ही हातात असल्या की बहुतेक जण पहिलं काय करतात तर दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी लिहितात, कॉन्ट्रॅक्टचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो, आणि मग पुढचे चार दिवस पैसे की सिक्युरिटी याच वादात जातात. पण ते दोन आकडे मुळात एकाच गोष्टीचे नसतातच. पर्मनंटच्या आकड्यात तुमची सुट्टी, आजारपण, काम थंड असलेले आठवडे हे सगळं कंपनीच्या खिशातून जातं, कॉन्ट्रॅक्टमध्ये तेच सगळं तुमच्या खिशातून. म्हणजे खरा प्रश्न एवढाच की रिकाम्या दिवसांचं बिल कोण भरणार, आणि तुम्ही भरणार असाल तर त्याचे पैसे रेटमध्ये धरलेत का. बाकी सगळं त्यानंतर.

ऑफर नक्की कसली आहे ते आधी विचारा

कॉन्ट्रॅक्ट म्हणून तीन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात आणि एचआरवाले तिन्हींना एकच नाव देतात, त्यामुळे आधी एवढंच विचारा: मला पगाराची स्लिप मिळणार का इनव्हॉइस पाठवायचा, आणि स्लिप असेल तर त्यावर नाव कुणाचं?

स्लिप त्याच कंपनीची असेल आणि फक्त शेवटची तारीख ठरलेली असेल तर ती फिक्स्ड टर्म नोकरी. ही बऱ्यापैकी पर्मनंटसारखीच असते, रजा असते, कायद्याचं संरक्षण असतं, आणि बऱ्याच देशांत कंपनीला ती वर्षानुवर्षं नुसती वाढवत नेता येत नाही. जर्मनीत काही ठोस कारण नसेल तर अशी मुदतीची नोकरी जास्तीत जास्त 2 वर्षं आणि त्यातही तीनच वेळा वाढवता येते. जपानमध्ये 2013 पासून नियम आहे की एकाच मालकाकडे कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत होत एकूण 5 वर्षांच्या वर गेली की कर्मचारी बिनमुदतीची नोकरी मागू शकतो. ब्रिटनमध्ये लागोपाठच्या कॉन्ट्रॅक्टवर 4 वर्षं झाली की साधारणपणे पर्मनंट धरतात, कंपनीला तसं न करायचं ठोस कारण दाखवता आलं तरच सुटका. भारतात ग्रॅच्युइटीला आधी 5 वर्षांची अट होती, नोव्हेंबर 2025 मध्ये नवीन लेबर कोड लागू झाले तेव्हापासून फिक्स्ड टर्मवाल्यांना ती एका वर्षानंतरच मिळते. तुमच्याकडे काय नियम आहे ते सही करायच्या आधी शोधा, कारण असल्या आकड्यांच्या जरा अलीकडेच कॉन्ट्रॅक्ट थांबवायची खोड बऱ्याच ठिकाणी असते.

स्लिप तिसऱ्याच कंपनीची असेल तर तुम्ही थर्ड पार्टी पेरोलवर. काम एकाकडे, पगार दुसऱ्याकडून. इथे दोनच गोष्टी विचारायच्या. क्लायंटने मध्येच काम थांबवलं तर पुढचं काम मिळेपर्यंत पगार चालू राहतो का, आणि क्लायंटला मला थेट घ्यायचं झालं तर मधली कंपनी अडवणार का. दुसरं फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं की इतके महिने क्लायंटला तुम्हाला थेट घेता येणार नाही किंवा घेतलं तर त्याने फी भरायची, आणि मग सगळं जमून आलेलं असताना त्या फीवरून घोडं अडतं.

आणि इनव्हॉइस असेल तर तुम्ही धंदाच करताय असं धरून चाला, टॅक्स तुमचा, विमा तुमचा, लॅपटॉप बिघडला तर तोही तुमचा. पुढचं बरंचसं याच तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे कारण गफलत इथेच जास्त होते.

हिशोब

वर्षाचे दिवस 365. शनिवार रविवारचे 104 गेले, राहिले 261. पर्मनंटवाल्याला या 261 दिवसांचे पैसे मिळतात, तो त्यातले किती दिवस खरंच कामावर होता याचा पगाराशी फारसा संबंध नसतो.

कॉन्ट्रॅक्टवाल्याचं बघू. सार्वजनिक सुट्ट्या 10 धरा. तुमची स्वतःची सुट्टी आणि आजारपण मिळून 20. राहिले 231. आता एक कॉन्ट्रॅक्ट संपून दुसरं लागेपर्यंतचा वेळ, हे लोक हमखास विसरतात, किंवा विसरत नाहीत पण "मला लगेच मिळेल" म्हणून शून्य धरतात. सहा आठवडे धरा, म्हणजे कामाचे 30 दिवस. राहिले 201, सोपं जावं म्हणून 200 म्हणू.

आता समजा पर्मनंटची ऑफर वर्षाला 10 लाखांची आहे, चलन कुठलंही धरा, गणित तेच राहतं. दिवसाला पडले साधारण 3,831. त्यावर कंपनी जे देते ते, म्हणजे निवृत्तीच्या फंडातला कंपनीचा वाटा, आरोग्य विमा, बोनस, याचे मिळून 2 लाख धरू. कॉन्ट्रॅक्टमध्ये तुमचा स्वतःचा खर्च येईल तो म्हणजे अकाउंटंट, विमा, सॉफ्टवेअर, एखादा कोर्स, त्याचे 80 हजार. एकूण 12 लाख 80 हजार. ते भागिले 200 म्हणजे दिवसाला 6,400.

म्हणजे पर्मनंटच्या 3,831 ची बरोबरी करायला कॉन्ट्रॅक्टला 6,400 लागतात, जवळपास 67 टक्के जास्त, आणि हे फक्त बरोबरी करायला, जास्त कमवायला नाही! कॉन्ट्रॅक्ट खरंच सलग चालत राहणार असेल आणि मधे गॅप पडणार नसेल तर 231 ने भागा, 5,541 येतात, म्हणजे 45 टक्क्यांच्या आसपास. तेव्हा कुणी "तुला पर्मनंटपेक्षा 20 टक्के जास्त देतो" म्हटलं तर तो जास्त देत नाहीये, कमीच देतोय.

माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या कामात गॅप किती पडतो ते त्याच कामातल्या दोन-तीन कॉन्ट्रॅक्टवाल्यांना विचारा, आणि विचारताना "मार्केट कसं आहे" असं विचारू नका, त्याला सगळे "ठीक आहे" म्हणतात. "गेल्या दोन वर्षांत किती महिने बिल गेलं नाही" असं विचारा. आकडा येतो. टॅक्स मुद्दाम वर धरलेला नाही कारण तो देशागणिक आणि माणसागणिक बदलतो, कुठे कॉन्ट्रॅक्टवाल्याला खर्च वजा करता येतो म्हणून फायदा होतो, कुठे सोशल सिक्युरिटीचे दोन्ही वाटे त्यालाच भरावे लागतात म्हणून तोटा. अमेरिकेत दुसरा प्रकार आहे, नोकरीत अर्धा कर मालक भरतो, स्वतंत्र काम करणाऱ्याला पूर्ण 15.3 टक्के स्वतःला भरावा लागतो. तुमच्याकडचं गणित एखाद्या सीएकडून किंवा टॅक्सवाल्याकडून एकदा करून घ्या, तासाभराची फी जाईल पण वर्षभराचा अंदाज मिळेल.

पैसे किती यापेक्षा कधी

यावर कुणी फारसं बोलत नाही आणि पहिल्या तिमाहीत सगळ्यांचे डोळे इथेच पांढरे होतात. समजा करारात लिहिलंय की महिनाअखेरीला इनव्हॉइस द्यायचा आणि इनव्हॉइसपासून 45 दिवसांत पेमेंट. वाचताना दीड महिना वाटतो. पण तुम्ही 1 तारखेला केलेल्या कामाचा इनव्हॉइस जातो 30 ला, त्यावर 45 दिवस, म्हणजे पहिल्या दिवशीच्या कामाचे पैसे अडीच महिन्यांनी हातात. तोपर्यंत घर कशावर चालवायचं ते आधी ठरवा. त्यात इनव्हॉइसवर पीओ नंबर (क्लायंटच्या परचेस ऑर्डरचा, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरचा नंबर) नाही म्हणून परत आला, ज्याने टाइमशीट (कामाच्या दिवसांची, तासांची नोंद) अप्रूव्ह करायची तोच रजेवर गेला, असं काही झालं की अजून एक महिना.

माझ्या मते तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर इनव्हॉइसवालं पहिलं कॉन्ट्रॅक्ट घेऊच नये, रेट कितीही चांगला असो. खूप जण म्हणतील ही जास्तच काळजी झाली. पण पैसे अडकले की माणूस पुढचं जे मिळेल ते काम पडेल त्या रेटला घेतो, आणि तो पडलेला रेट मग तुमचा रेट होऊन बसतो.

करारात अजून एक ओळ शोधा, क्लायंटकडून पैसे आले की तुम्हाला देऊ अशा अर्थाची. एजन्सीच्या करारांत ही असते. याचा अर्थ क्लायंटने बुडवलं तर बुडाले तुमचे, एजन्सी नामानिराळी. ती ओळ काढून टाका म्हणावं, नाहीच काढली तर निदान "किंवा 60 दिवस, जे आधी होईल ते" एवढं तरी घालून घ्या.

करारातलं बाकीचं

पूर्ण करार वाचायचा कंटाळा येतोच, तरी चार जागा सोडू नका.

नोटीस. दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. तुम्हाला एक महिना आणि त्यांना "कधीही, तात्काळ" असं असेल तर तुमचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं नाहीच, ते रोज नव्याने चालू राहणारं काम आहे आणि रेट त्या हिशोबाने मागा.

केलेल्या कामाचा हक्क. कामाचा हक्क क्लायंटकडे जाणार हे रास्तच आहे, पण पेमेंट झाल्यावर जाणार असं लिहून घ्या, आणि तुमची आधीपासूनची हत्यारं, टेम्प्लेट, कोड, जे काही तुम्ही बरोबर घेऊन आलात ते तुमचंच राहणार हेही.

नुकसानभरपाई. तुमच्यामुळे काही नुकसान झालं तर जबाबदारी किती, याला मर्यादा हवी, साधारणपणे तुम्हाला मिळालेल्या एकूण फीएवढी मागतात. मर्यादाच नाही असा करार मी तरी घेणार नाही. मोठ्या कंपन्यांचा छापील करार बऱ्याचदा तसा असतो, आणि विचारलं तर बऱ्याचदा बदलूनही देतात, फक्त कुणी विचारत नाही.

चौथं म्हणजे दुसरीकडे काम करण्यावर बंदी. इनव्हॉइसवर काम करणाऱ्याला "आमचं काम चालू असताना दुसऱ्या कुणाचं करायचं नाही" म्हणणं म्हणजे लगाम नोकरीचा आणि जोखीम धंद्याची.

सगळ्यात वाईट ऑफर मधली असते

वेळ त्यांची, बॉस त्यांचा, लॅपटॉप त्यांचा, सुट्टी त्यांना विचारून, रोज मीटिंगला हजेरी, आणि पेमेंट मात्र कॉन्ट्रॅक्टवर, पर्मनंटपेक्षा जेमतेम थोडं जास्त. तेलही गेलं तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. अशी ऑफर खूप कॉमन आहे, कारण कंपनीला ती सगळ्यात स्वस्त पडते.

जगभर यावर कोर्टात भांडणं झालेली आहेत. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं कर्मचाऱ्यांसारखंच काम करणाऱ्या टेम्प म्हणजे तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या लोकांनी 1992 मध्ये केस केली, आम्हाला बाकीच्यांसारखे फायदे का नाहीत म्हणून, आणि 2000 साली कंपनीने 97 मिलियन डॉलरवर तडजोड केली. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी आयआर35 नावाचा नियम आला, तुम्ही स्वतःच्या कंपनीमार्फत बिल करत असलात पण प्रत्यक्षात नोकरासारखं काम करत असाल तर टॅक्स नोकरासारखाच. कॅलिफोर्नियात 2020 पासून लागू झालेल्या कायद्यात काम देणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: कामावर त्याचं नियंत्रण नाही, ते काम त्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग नाही, आणि करणाऱ्याचा स्वतःचा तसा वेगळा धंदा आहे. यातली एक जरी गोष्ट दाखवता आली नाही तर काम करणारा कर्मचारी धरला जातो.

तुमच्याकडे कायदा काहीही असो, या तीन प्रश्नांवर स्वतःची ऑफर घासून बघा. कसं आणि कधी करायचं ते कोण ठरवणार? माझ्या जागी मी दुसरा माणूस पाठवला तर चालेल का? एकाच वेळी दुसरा क्लायंट घेता येईल का? तिन्ही उत्तरं नोकरीसारखी आली तर त्यांना सरळ म्हणा की मग फिक्स्ड टर्म तरी द्या, किंवा रेट वरच्या हिशोबाने द्या. दोन्हीला नाही म्हणाले तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

पर्मनंट तरी कुठे पर्मनंट असतं

हे कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं आवडतं वाक्य, आणि अर्धं खरं आहे. अमेरिकेत मोंटाना सोडलं तर सगळीकडे मूळ नियम हाच की कंपनी कारण न देता काढू शकते आणि तुम्हीही तसेच सोडू शकता, भेदभाव वगैरे बेकायदा कारणं सोडून. मग तिथे पर्मनंटचा अर्थ मुख्यतः आरोग्य विमा आणि रजा एवढाच उरतो. उलट युरोपात बऱ्याच देशांत पर्मनंट माणसाला काढायला कारण, नोटीस, भरपाई सगळं लागतं, तिथे त्याला खरंच वजन आहे.

म्हणून पर्मनंटच्या ऑफरलाही तेच प्रश्न विचारा. प्रोबेशन किती, त्या काळात नोटीस किती, नंतर किती. तीन महिन्यांची नोटीस असेल तर ती दोन्हीकडून कापते हे लक्षात ठेवा, कंपनीने काढलं तर तीन महिने हातात, पण तुम्हाला चांगली ऑफर आली तर तीन महिने थांबायला समोरचा तयार हवा. ज्या टीममध्ये घेताहेत ती टीम गेल्या वर्षी किती होती आणि आता किती आहे हे इंटरव्ह्यूमध्ये विचारायला अजिबात लाजू नका. एकाच प्रोजेक्टसाठी, एकाच क्लायंटच्या जिवावर भरती चालू असेल तर ऑफर लेटरवर पर्मनंट लिहिलेलं असलं तरी ती त्या प्रोजेक्टपुरतीच नोकरी समजा.

सहा महिन्यांनी पर्मनंट करू

हे ऐकलं की गाजराची पुंगी समजायची, वाजली तर वाजली. कधीकधी खरंच करतात, नाही असं नाही. पण ते ऐकून रेट कमी करू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा: या टीममध्ये याआधी असं किती जणांना केलं, ती पोस्ट आत्ता मंजूर आहे का बजेट यायचं आहे, आणि पर्मनंट झाल्यावरचा पगार काय असेल. तिसऱ्याला "तेव्हा बघू" उत्तर आलं तर लक्षात घ्या की तेव्हा ते तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या रेटकडे बघणार नाहीत, टीममधल्या बाकीच्यांच्या पगाराकडे बघणार, आणि आकडा बराच खाली येणार. बोलणं फोनवर झालं असेल तर त्याच दिवशी एक मेल टाका, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं सुरू करून. नुसत्या मेलने त्यांच्यावर किती बंधन येतं हे देशागणिक वेगळं, पण "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही.

कुणाला काय

हे शेवटी तुमच्या वयापेक्षा तुमच्या पुढच्या दोन वर्षांवर ठरतं. घराचं कर्ज काढायचं असेल तर बँकांना पगाराची स्लिप आवडते, इनव्हॉइसवाल्याकडे बहुतेक बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात, तेव्हा कर्ज आधी आणि कॉन्ट्रॅक्ट नंतर असा क्रम लावला तर त्रास वाचतो. परदेशात वर्क व्हिसावर असाल तर आधी व्हिसा कुणाच्या नावाने बांधलेला आहे ते बघा, अमेरिकेत एच-1बी वाल्याला नोकरी गेली की जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तिथे "गॅप पडला तर पडला" म्हणता येत नाही. घरात दुसरा पगार नियमित येत असेल, विमा त्याच्यावर निघत असेल, तर कॉन्ट्रॅक्टची अर्धी भीती तिथेच संपते.

करिअरच्या अगदी सुरुवातीला मी पर्मनंटच म्हणेन. कॉन्ट्रॅक्टवाल्याला जे येतं त्यासाठी घेतात, जे शिकायचंय त्यासाठी कुणी घेत नाही, ट्रेनिंगचं बजेट त्याच्यावर खर्च होत नाही आणि वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये त्याचं नाव नसतं. पाच-सात वर्षं काम केलेलं असेल, एखादी गोष्ट अशी येत असेल की लोक स्वतःहून फोन करतात, तर कॉन्ट्रॅक्ट मस्त. फोन येत नसतील, काम शोधत फिरावं लागत असेल, तर गॅप सहा आठवड्यांचा राहणार नाही, बारा धरून वरचं गणित पुन्हा करा.

आणि ज्याला मॅनेजर व्हायचंय, टीम चालवायचीय, त्याने कॉन्ट्रॅक्टमध्ये वेळ घालवू नये, तो रस्ता तिकडून जात नाही.

घेतलंच तर

कॉन्ट्रॅक्ट घेतलं की पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर दोन तारखा टाका. एक, संपायच्या आठ आठवडे आधीची. त्या दिवशी क्लायंटला विचारायचं की एक्स्टेंशन आहे का, आणि उत्तर "बहुतेक होईल" असं आलं तर ते नाही समजून शोधायला लागायचं. "बहुतेक"वर थांबलेले लोक शेवटच्या शुक्रवारी लॅपटॉप परत करून घरी येतात, कारण ज्याने सांगितलं होतं त्याच्या हातात बजेट नव्हतंच. दुसरी तारीख संपायच्या दोन आठवडे आधीची, त्या दिवशी ज्याच्या हाताखाली काम केलं त्याच्याकडून दोन ओळींचा रेफरन्स लेखी मागून घ्यायचा आणि राहिलेल्या सगळ्या टाइमशीट अप्रूव्ह करून घ्यायच्या. तुमचा अ‍ॅक्सेस बंद झाला की सिस्टिममध्ये अडकलेली टाइमशीट बाहेरून कुणाच्या मागे लागून काढून घ्यायची म्हणजे नाकी नऊ येतात, आणि शेवटचा इनव्हॉइस नेमका तिच्यावरच अडतो.